बिटकॉइनमध्ये मराठी निरोप कोरताना
बिटकॉइनच्या व्यवहारात निरोप ठेवायचा तर 'ओपी रिटर्न' आउटपुट (व्यवहारातला फक्त माहिती ठेवायचा भाग) वापरा, त्यात रक्कम शून्य ठेवा. खोटा पत्ता बनवून त्यात मजकूर लपवायची जुनी युक्ती नको, तिकडे पाठवलेली नाणी कायमची गेली. बरीच वॉलेट (बिटकॉइन पाठवायची अ‍ॅप्स) अजूनही अशा निरोपाला ८० बाइटची मर्यादा पाळतात, आणि देवनागरीत प्रत्येक अक्षर, मात्रा, अनुस्वार, अगदी पाय मोडायचं चिन्हसुद्धा ३ बाइट खातं. नुसतं 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' ६१ बाइट होतं! मजकूर मोठा असेल तर त्याचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा टाका, तो ३२ बाइटच असतो. मूळ फाइल मात्र जशीच्या तशी जपा, एक स्वल्पविराम बदलला तरी हॅश जुळणार नाही. आधी टेस्टनेटवर, म्हणजे बिटकॉइनच्या सरावाच्या जाळ्यावर, करून बघा. खऱ्या साखळीतलं (ब्लॉकचेनमधलं) शुद्धलेखन नंतर सुधारता येत नाही.