काळ्या दारूचं रिव्हॉल्वर निवडताना

गोव्यातल्या सत्तरी-सांग्याच्या बागायतदारांना ठासणीची बंदूक नवी नाही. काळ्या दारूच्या, म्हणजे धूर करणाऱ्या जुन्या बंदुकीच्या दारूच्या रिव्हॉल्वरलाही दारू, गोळी, टोपी (ठिणगी देणारी कॅप) हाच क्रम; फक्त चक्रीच्या (सिलिंडरच्या) सहा खणांत तो सहा वेळा करायचा.

आधी कायदा. जुन्या रिव्हॉल्वरची नव्याने बनवलेली, उडणारी प्रतिकृती म्हणजे सरळसरळ अग्निशस्त्र. 1959 च्या शस्त्र कायद्यातली जुन्या हत्यारांची सूट दुरुस्त करूनही न उडणाऱ्यांपुरती आहे. तेव्हा आपल्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयातला परवाना आधी, खरेदी मागाहून. आयातीचा परवाना वेगळा. बॅगेत घालून मोपा विमानतळावर उतरायचं मनातही आणू नका. इंग्लंडमधल्या स्विंडनला राहणाऱ्या गोंयकारांचं सोपं आहे. ब्रिटनच्या 1997 च्या पिस्तूलबंदीत ठासणीची हत्यारं अडकली नाहीत. मात्र फायरआर्म सर्टिफिकेट लागतंच आणि काळ्या दारूसाठी स्फोटकांचं वेगळं.

बाजारातला बहुतेक माल इटलीच्या उबेर्ती आणि पिएत्ता यांचा. निवड मुख्यतः तिघांत: कोल्ट 1851 नेव्ही (.36 कॅलिबर, साडेसात इंची अष्टकोनी नळी), कोल्ट 1860 आर्मी (.44, आठ इंची गोल नळी) आणि रेमिंग्टन, ज्याला पेटंटच्या वर्षावरून 1858 म्हणतात.

कोल्टला चक्रीवरून जाणारी फ्रेमची पट्टी नाही. नळी आणि फ्रेम एका पाचरीने जोडलेली. मुठीत ते फार छान बसतं, पण फुटलेल्या टोपीचे तुकडे घोड्याच्या (हॅमरच्या) खाचेत पडून यंत्र अडतं. शिवाय उबेर्तीच्या काही कोल्टांत मधला आस नळीतल्या भोकाच्या तळाला टेकत नाही. मग पाचर जोरात ठोकली की नळी मागे सरकून चक्री घट्ट होते. दुकानात पाचर हळूहळू आत दाबत चक्री फिरवून बघा. अडायला लागली तर ते काम कारागिराकडे जाणार, हे धरून किंमत करा.

रेमिंग्टनची फ्रेम वरून बंद, म्हणून मजबूत. घोडा अर्धा चढवा, ठासणीचा दांडा खाली करा, चक्रीची खिळ ओढा, चक्री हातात येते. खोट एकच: खिळीवर काजळी जमून चक्री लवकर जड होते, तेव्हा अधूनमधून ओल्या फडक्याने पुसावी लागते. आमचं मत रेमिंग्टनकडे, तेही पोलादी फ्रेमचं.

पितळी फ्रेम स्वस्त आणि देखणी, भिंतीवर शोभेल. उडवायला मात्र टाळा: भारी दारू भरत राहिल्यास चक्रीचे दाते मागच्या पितळेत रुततात, आस ढिला होतो. पितळी .44 नेव्ही मिळते, पण इतिहासात तशी नव्हतीच. ती आजच्या कारखान्यांची कल्पना.

वापरलेला नग असेल तर प्रत्येक निपल (ज्यावर टोपी बसते ते टोक) टोपीविना आहे ना बघा आणि सहाही खणांत बारीक लाकडी काडी घाला. काडी बाहेरून मोजलेल्या खोलीएवढी गेली पाहिजे. कमी गेली तर आत दारू-गोळी भरलेली आहे. मग चक्रीवर बोट टेकवून घोडा सावकाश मागे ओढा. प्रत्येक खण नळीसमोर येऊन खटकन अडकला पाहिजे. एकही चुकला तर नग ठेवून द्या. नळीवर पीएन ही काळ्या दारूच्या चाचणीची खूण हवी. आधुनिक बिनधुराची दारू अशा हत्यारात कधीच भरायची नाही, चक्री फुटते.

गोळीचा आकारही विचारा: .44 साठी पिएत्ताला सहसा .451, उबेर्तीला .454; .36 ला .375. ठासताना शिशाची बारीक कडी कापली गेली तर खण नीट बंद झाला.

गोव्यात रोग एकच, गंज. काळ्या दारूची राख ओल ओढते आणि आषाढात रात्रभरात तांबूस पुटं चढतात. त्याच दिवशी साबणाच्या गरम पाण्याने धुवा, निपल काढून वाळवा, तेल लावा. गोळी ठासल्यावर खणांच्या तोंडाला लावायला नुसतं खोबरेल नको, इथल्या उन्हाळ्यात ते वाहून जातं. मेण मिसळून घट्ट करा.