प्रोग्राम सुरू व्हायच्या आधी पिन काय करते?

फेब्रुवारीतली गोष्ट. पहाटे साडेपाचला निफाडहून मामांचा फोन. "अरे, तुझा व्हॉल्व्ह रात्रभर उघडाय. बागेत पाय रुततोय माझा." मी नाशिकला, अंबडमध्ये खोलीवर, अर्धवट झोपेत. तोंडातून पहिलं वाक्य काय निघालं असेल? "मामा, प्रोग्राम बरोबर आहे."

प्रोग्राम खरंच बरोबर होता. माझं दुखणं तेच होतं.

एलईडी लुकलुकवून झालाय आणि आता खरंखुरं काहीतरी जोडायचंय, मोटर, व्हॉल्व्ह, दाराचं लॉक, अशांसाठी हे लिहितोय. एलईडी कसा लावायचा हे सांगत बसत नाही. फक्त दोन गोष्टी पटकन उरकतो. रास्पबेरी पाय (एका बोर्डवरचा छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसतं 'पाय' म्हणतो) याची पिन ३.३ व्होल्टची आहे, तिला ५ व्होल्ट दाखवायचे नाहीत. हेडरवर, म्हणजे बोर्डवरच्या पिनांच्या पट्टीवर, २ आणि ४ नंबरला ५ व्होल्ट बसलेलेच असतात, जंपर एक घर चुकला की खेळ खल्लास. माझा एक बोर्ड तसाच गेला, त्यावर जास्त बोलवत नाही. दुसरं, पिनचे नंबर दोन तऱ्हेचे: हेडरवरची जागा वेगळी आणि चिपचा जीपीआयओ नंबर, म्हणजे प्रोग्राममध्ये लिहायचा नंबर, वेगळा. जीपीआयओ ४ हेडरवर सातव्या जागी असतो, जीपीआयओ १७ अकराव्या. कागदावर दोन्ही लिहून बोर्डशेजारी चिकटवा. लाज वाटून घेऊ नका, मी अजून चिकटवतो.

आता मामांची बाग. विहिरीवरची मोटर ऑटोवर असायची. शेतीची लाईट रात्री आली की मोटर आपोआप सुरू होऊन शेततळं भरायची. त्याच लाइनवर फिल्टरच्या पुढे एका प्लॉटच्या ड्रिपला मी १२ व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे करंटने उघडणारा व्हॉल्व्ह, बसवला. करंट गेला की बंद राहणारा, नॉर्मली क्लोज्ड. मधे एक मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, त्याच्या गेटला (चालू-बंद करणाऱ्या टोकाला) पायची वायर, कॉइलवर उलटा डायोड. प्रोग्राम ठरलेल्या वेळी वीस मिनिटं पाणी सोडणार. जुन्या पायला स्वतःचं घड्याळ नसतं. लाईट गेली की त्याला वेळ कळत नाही, ती नेटवरून घ्यावी लागते. म्हणून मी शहाणपणा केला: प्रोग्रामच्या सुरुवातीलाच लूप टाकला, वेळ मिळेपर्यंत थांब. पिन आउटपुट करून लो, म्हणजे शून्य व्होल्टवर, करायची ओळ त्या लूपच्या खाली.

त्या रात्री डोंगलचा रिचार्ज संपलेला होता.

बाराला लाईट आली, मोटर सुरू झाली, पाय सुरू झाला आणि वेळेची वाट बघत उभा राहिला. पिनला अजून कोणीच काही सांगितलेलं नव्हतं. माझ्या डोक्यात असं की सांगितलं नाही म्हणजे पिन गप्प, शून्यावर. तसं नसतं. हे वाक्य मला कोणीतरी आधी ओरडून सांगायला हवं होतं, म्हणून मी इथे ओरडतोय: पिन कधीच रिकामी नसते. बोर्डला पॉवर मिळाली की तुमच्या प्रोग्रामच्या, लिनक्सच्या (पायची ऑपरेटिंग सिस्टिम), सगळ्यांच्या आधी प्रत्येक पिन इनपुट होते आणि चिपच्या आतला एक बारीक रेझिस्टर तिला वर किंवा खाली ओढून धरतो. वर ओढला तर पुल-अप, खाली ओढला तर पुल-डाउन. साधारण ५० किलोओहमचा. पायच्या हेडरवर जीपीआयओ ० ते ८ वर ओढलेल्या असतात, ९ ते २७ खाली. मी घेतली होती ४ नंबर. का? शेजारी नवव्या जागी ग्राउंड होता, वायरिंग सुटसुटीत दिसत होतं. बास, एवढंच कारण.

आता ५० किलोओहममधून करंट किती येणार? ३.३ भागिले ५०,०००, म्हणजे ६६ मायक्रोअँपिअर. चिल्लरच. पण मॉस्फेटच्या गेटला चिल्लरसुद्धा लागत नाही. गेट आतून इन्सुलेटेड असतो, त्याला व्होल्टेज हवं, करंट नको. त्या बारीक रेझिस्टरने गेट आरामात ३.३ पर्यंत चढवला आणि व्हॉल्व्ह उघडला. माझा प्रोग्राम तिकडे वेळ विचारत बसलेला.

मग घरी टेबलावर हे का दिसलं नाही? यावर मी दोन आठवडे घालवले. टेबलावर मी व्हॉल्व्हच्या जागी एलईडी लावून बघत होतो. एलईडीला उजेड पाडायला मिलिअँपिअर लागतात. आतल्या पुल-अपमधून त्याला ३० मायक्रोअँपिअर मिळत असतील. ट्यूबलाइटखाली तो विझलेलाच दिसतो. म्हणजे पिन वर होती, दिवा मात्र खाली असल्याचं दाखवत होता. एलईडीवर चाललं म्हणजे सगळ्यावर चालेल हा जो शॉर्टकट सगळे शिकवतात, त्याच्यावर माझा तेव्हापासून राग आहे. ज्या क्लासमध्ये मी पैसे भरून हे शिकलो तिथे तीन महिन्यांत मल्टिमीटर एकदाही बाहेर निघाला नाही. सर्टिफिकेट मात्र लॅमिनेट करून दिलं.

ते दोन आठवडे मी काय केलं तेही सांगतो, म्हणजे तुमचे वाचतील. पायचं मेमरी कार्ड पुन्हा फॉरमॅट केलं. मॉस्फेट बदलला. पायथनची लायब्ररी बदलली. इंटरनेटवरून दुसऱ्याचा कोड आणून चिकटवला. एकदा तर व्हॉल्व्हच बदलला, मामांच्या पैशाने.

शेवटी आमच्या शॉपमधल्या पॅनलवाल्या काकांना विचारलं. त्यांना लिनक्समधलं ओ की ठो कळत नाही, आयुष्य कॉन्टॅक्टर आणि रिले जोडण्यात गेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "तुझा प्रोग्राम सुरू व्हायच्या आधी ही पिन काय करते?" मला उत्तर आलं नाही. "मग मीटर लाव ना, बोलतोस काय."

रविवारी निफाडला गेलो. मोटरघरात टॉर्च दातात धरून काळा प्रोब नवव्या जागेवर, लाल सातव्यावर. मामांना म्हटलं, टाका स्विच. पायचा हिरवा दिवा फडफडायच्या आतच मीटरवर ३.२ च्या वर आकडा, आणि मागून व्हॉल्व्हचा टक् आवाज. स्क्रीनवर तोवर काहीही नव्हतं.

गुरू असा शोधा, ज्याच्या हातात मीटर असतो. हे माझं मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या.

उपाय रुपया-दोन रुपयांचा. गेट आणि ग्राउंडमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर. आतला ५० वर ओढतो, बाहेरचा १० खाली ओढतो, भांडणात १० जिंकतो: ३.३ गुणिले १० भागिले ६०, म्हणजे ०.५५ व्होल्ट. तेवढ्यावर मॉस्फेट उघडत नाही. प्रोग्रामने पिन हाय केली की पिन स्वतः जोर लावते, मग १० किलोओहम तिला रोखू शकत नाही. रेझिस्टर मॉस्फेटच्या गेटजवळच सोल्डर करा, पायच्या बाजूला नाही. वायर निघाली तरी गेट खालीच राहिला पाहिजे.

मी पिनसुद्धा बदलली, ४ वरून १७ वर. ती मुळातच खाली ओढलेली असते. शिवाय ४ नंबरवर तापमानाच्या सेन्सरचं वन-वायर कनेक्शन डिफॉल्टने बसतं, ते चालू केलंत तर पिन 'बिझी' म्हणून अंगावर येते. तिसरी गोष्ट कॉन्फिग फाइलमधली. जीपीआयओ, बरोबरचं चिन्ह, १७, बरोबरचं चिन्ह, ओपी, स्वल्पविराम, डीएल, अशी एक ओळ टाकली की लिनक्स उठायच्या आधीच फर्मवेअर, म्हणजे बोर्डचं मुळातलं सॉफ्टवेअर, पिन आउटपुट करून लो करतं. पायच्या सिस्टिममध्ये बुकवर्म आवृत्तीपासून ही फाइल बूटच्या आत फर्मवेअर फोल्डरमध्ये गेलीये, जुन्या जागी शोधू नका. पण फक्त या ओळीच्या भरवशावर राहू नका. पॉवर आल्यापासून ही ओळ वाचली जाईपर्यंत काही सेकंद जातातच, आणि कार्ड खराब झालं तर ती कोणी वाचतच नाही. रेझिस्टरला वाचता यावं लागत नाही.

बाजारात मिळणारे निळे रिले मॉड्यूल घेतलेत तर गंमत उलटी. त्यातले बरेच लो दिल्यावर चालू होतात. तिथे पिन आउटपुट करताना पहिली किंमत हाय द्यायची, नाहीतर सेटअपच्याच ओळीला रिले एकदा टक् करून जातो. दिव्याला चालतं, मोटरच्या स्टार्टरला नाही. इनपुटचंही थोडक्यात: टाकीच्या फ्लोट स्विचची वायर लांब असेल तर आतल्या ५० किलोओहमच्या पुल-अपवर विसंबू नका, मोटर सुरू झाली की खोटे सिग्नल येतात. बाहेरून ४.७ किलोओहमचा रेझिस्टर पिन आणि ३.३ व्होल्टमध्ये लावा.

आणि लायब्ररी कुठली, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. पायथनच्या जीपीआयओझीरोने सुरुवात करा, झालं. जुन्या लेखांमधली सिस-क्लास-जीपीआयओवाली पद्धत आता मोडीत निघालीये. पाय ५ वर पिना आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपवर गेल्यात, त्यामुळे जुनी आरपीआय डॉट जीपीआयओ लायब्ररी तिथे चालत नाही. तुमचं काही चुकलेलं नसतं, उगाच रात्र जागवू नका.

घाबरवायचं नाहीये. पिना कॉन्फिगर करणं अवघड नाही, एका संध्याकाळचं काम आहे. मला ज्याची किंमत पडली ती चूक शिकायला मात्र हंगामच गेला. मण्यांत पाणी उतरलेलं, घड गोडीवर आलेले, अशा वेळी बागेला रात्रभर पाणी म्हणजे काय हे द्राक्षवाल्यांना सांगायला नको. चार ओळींतले मणी तडकले. मामा मला एका शब्दाने बोलले नाहीत. मामी बोलल्या.

रेझिस्टर लावल्यावर, पिन बदलायच्या आधी, पुन्हा मोटरघरात उभे राहिलो. मीटरवर अर्धा व्होल्ट, व्हॉल्व्ह गप्प. डोंगल मुद्दाम काढून ठेवला होता. मी मेन स्विच दहा वेळा बंद-चालू करून दाखवला. मामा काही न बोलता बघत होते. मग मला बाजूला सारलं, अकराव्यांदा स्विच स्वतः टाकला, आणि व्हॉल्व्हला कान लावून बराच वेळ तसेच उभे राहिले.