कारची काच दारात सुटली, मोटर मात्र फिरतेय

बटण दाबल्यावर मोटरचा आवाज येतो, पण काच जागची हलत नाही किंवा तिरकी होते, तर फ्यूज तपासत बसू नका; आवाज आहे म्हणजे करंट पोचतोय. काच दोन्ही तळव्यांत धरून वर ओढा. सहज आली तर बहुधा क्लॅम्पमधून, म्हणजे काचेची खालची कड धरणाऱ्या पकडीतून, निसटलीय. करकर आवाज असेल तर काच वर-खाली ओढणारी केबल बहुधा तुटून ड्रमवर (ती गुंडाळणाऱ्या चाकावर) गुंतलेली असते.

काच वर चढवून फ्रेमवरून टेप लावा, मगच दाराचं आतलं पॅड काढा. हँडलच्या खोबणीतला स्क्रू हमखास विसरतो, आणि मग क्लिपा तुटतात. क्लॅम्पचे बोल्ट नुसते ढिले असतील तर काच रबरी खाचेत सरळ बसवून बेतानं आवळा; जोर केला की काच तडकते. काचेला धरून रुळावर सरकणारा प्लॅस्टिकचा स्लायडर फुटला असेल तर तो चिकटवून टिकत नाही, रेग्युलेटरच (काच वर-खाली करणारी अख्खी यंत्रणा) बदला.