पाऊस गेला, आता खत टाकायच्या आधी माती बघा

परतीचा पाऊस थांबला की दोन-तीन आठवडे मिळतात, परसबागेच्या मातीचं जे काय करायचं ते तेवढ्यात करून घ्या, नंतर ऑक्टोबरचं ऊन लागलं की काळी माती भेगाळते आणि कुदळ मारली की नुसती ढेकळं निघतात. आणि करायचं म्हणजे लगेच काहीतरी टाकायचं असं नाही हां. पान पिवळं पडलं की माणूस आधी दुकानात जातो, खत आणतो, मूठभर टाकतो, आठ दिवसांत काही झालं नाही की अजून मूठभर. देशावरच्या बागांमध्ये मला तरी उपासमारीपेक्षा अजीर्णच जास्त दिसतं.

पहिलं, वाफसा, म्हणजे चिखलही नाही आणि कोरडीही नाही अशी खणण्याजोगी माती. माती ओली असताना खणू नका, काळी माती तर अजिबात नको, ती चिकणमाती आहे, पावलाखाली आणि फावड्याखाली दाबली गेली की तिच्यातली हवेची जागाच जाते आणि मग अख्खा हिवाळा मुळं गुदमरतात. चार बोटं खालची माती मुठीत दाबा, गोळा करा आणि अंगठ्याने टोचा. गोळा फुटून भुगा झाला तर वाफसा आलाय, अंगठा चकचकीत होऊन नुसता खड्डा पडला तर अजून दोन-चार दिवस थांबा. मेथी-पालकाला एवढ्याने उशीर होत नाही.

आता ते पिवळं पान. खालची जुनी पानं सगळीच्या सगळी पिवळी पडत असतील तर बहुतेक नत्र (नायट्रोजन) कमी आहे, पावसाने धुऊन गेलेलं असतं, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत दिलं की सुधारतं. पण शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, जाळी काढल्यासारख्या, हे मोगरा, जास्वंद, लिंबू, गुलाब यांच्यावर सर्रास दिसतं, तो लोहाचा प्रश्न आहे आणि गंमत म्हणजे मातीत लोह भरपूर असतं. आपली काळी माती बेसॉल्टची, तिच्यात चुनखडी, सामू (पीएच, म्हणजे मातीचा आंबट-खारेपणा, 7 म्हणजे मधला) पुष्कळदा 8 च्या वर, त्यामुळे लोह असूनही मुळांना घेता येत नाही, त्यात पावसात पाणी साचून राहिलं असेल तर अजूनच. तिथे युरिया ओतून काय होणार?

घरी तपासायचं तर वाळलेल्या मातीच्या ढेकळावर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका आणि कानाजवळ धरा, फसफस ऐकू आली की चुनखडी आहे समजा (बारीक फसफस असते, पंखा बंद करून ऐका). अशा जागी अंड्याची टरफलं, चुलीची राख, चुना यातलं काही टाकायचं नाही, फॉरवर्डमध्ये कितीही छान लिहिलेलं असू दे. तात्पुरता इलाज म्हणजे लिटरभर पाण्यात 3 ते 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) आणि 1 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, संध्याकाळी पानांवर फवारा, आधी दोन-चार पानांवर मारून बघा कारण जास्त झालं तर पानं करपतात, आणि फरशीवर सांडू नका, गंजाचा डाग जात नाही. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल असं दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह, घेणार असाल तर पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं बघून घ्या, ईडीटीए वालं अशा मातीत टिकत नाही. कायमचा इलाज मात्र सेंद्रिय खत आणि निचरा हाच.

सोसायटीच्या बागेत अजून एक भानगड असते, बिल्डरने टाकलेला भराव. वर वीतभर लाल माती आणि खाली विटा, सिमेंट, मुरूम. सिमेंटमुळे सामू वर जातो आणि पाणी मुरत नाही. फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, मुरलं की परत भरा, दुसऱ्या वेळचं पाणी चार-पाच तासांनी पण तसंच उभं असेल तर तिथे खणत बसण्यापेक्षा वर फूटभर उंच वाफा करा, पैसे आणि कंबर दोन्ही वाचतील.

गणपतीनंतर कुंड्यांचं एक वेगळंच होतं. शाडूची मूर्ती घरी बादलीत विसर्जन केली, फार चांगलं केलं, पण तो गाळ एकाच कुंडीत ओतला की वर पापडी धरते आणि पाणी कडेने निघून जातं. तो वाळवून फोडा आणि चार-पाच कुंड्यांत थोडा थोडा मिसळा. पुण्यात पीओपीच्या मूर्तीसाठी महापालिका मूर्ती विरघळवायला अमोनियम बायकार्बोनेट देत आलीय, ती एनसीएलची (पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची) पद्धत, त्यात वरचं पाणी म्हणजे अमोनियम सल्फेट, ते भरपूर पातळ करून फुलझाडांना चालतं, उलट चुनखडीच्या मातीला बरंच. खाली बसतो तो साका कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे परत चुनाच, तो कुंडीत नको. मूर्तीचे रंग कुठले होते माहीत नसेल तर भाजीला यातलं काहीच नको.

बाकी कुंड्यांना या दिवसांत फार काही लागत नाही, तळाचं भोक काडीने मोकळं करा, वरची दोन इंच माती काढून त्या जागी गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड भरा. शेणखत घेताना हातात घेऊन वास घ्या, शेणाचा वास आला म्हणजे ते कुजलेलं नाही, आणि त्यात पांढरी, तपकिरी डोक्याची, वाकडी जाड अळी दिसली तर ते पोतं परत करा, एकदा असल्या अळ्या कुंडीत शिरल्या की मुळं खाऊन टाकतात आणि झाड का सुकलं ते कळतच नाही.

कोकणात आणि गोव्यात हे सगळं उलटं लागू होतं बरं का. जांभ्याची माती, पावसाने चुना धुऊन नेलेला, सामू आंबटाकडे, तिथे थोडी राख चालते, माती तपासून चुनाही द्यावा लागतो, आणि हिराकसचं काही काम नाही. पुण्याच्या व्हिडिओवरून रत्नागिरीत प्रयोग नको.

एकदा माती तपासून घेतलीत तर उत्तमच, जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. खत टाकायच्या आधी, वाफ्यात पाच-सहा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी व्ही सारखा खड्डा घेऊन कडेची माती खरवडा, एकत्र करा, सावलीत वाळवा आणि अर्धा किलो कापडी पिशवीत द्या, खताच्या रिकाम्या गोणीत अजिबात नको. रिपोर्टमध्ये बरेच आकडे येतात, घरच्या बागेला तीन बघा. सामू साडेसहा ते साडेसात असेल तर निवांत. क्षारता (रिपोर्टमध्ये ईसी लिहिलेली असते) 1 च्या आत हवी, बोअरच्या जड पाण्यावरच्या बागेत ती चढते. आणि सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्या-शेणातून मातीत येणारा कार्बन, 0.5 टक्क्याच्या खाली म्हणजे कमी, 0.75 च्या वर म्हणजे चांगला.

हा कर्ब वाढवायला बाजारातून काही आणायची गरज नसते, दिवाळीच्या साफसफाईत झाडून पेटवून देता तोच पाला तीन-चार इंच जाड पसरा, खोडापासून चार बोटं लांब ठेवून, आणि पेरलेल्या मेथी-कोथिंबिरीवर मात्र रोप दोन इंच वर आल्याशिवाय घालू नका.