बायझंटियम घेऊन तुर्कांशी खेळताना: नवख्यांसाठी चार गोष्टी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची आमची पोरं ‘युरोपा युनिव्हर्सालिस 4’ हा राज्य चालवायचा कॉम्प्युटर गेम पहिल्यांदा उघडतात तेव्हा नकाशा सरळ दख्खनवर आणतात. आपलं गाव कुठं बसतं ते बघायचं, मग मराठे शोधायचे. खेळ 1444 साली सुरू होतो, त्यामुळे मराठ्यांचं राज्य सापडत नाही. मग बहमनी नाहीतर विजयनगर घेतात. दोन्ही राज्यं तगडी आहेत. शेजाऱ्याला चेपायचं, पुढच्याला चेपायचं, एवढंच होतं आणि दोन आठवड्यांत कंटाळा येतो. खेळ खरोखर शिकायचा असेल तर ज्याच्या बुडण्याची तारीख इतिहासात नोंदलेली आहे असं राज्य घ्या. माझं मत बायझंटियमला, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) राजधानी असलेल्या, शेवटच्या घटका मोजणाऱ्या पूर्व रोमन साम्राज्याला.

आधी अवस्था काय आहे ते समजून घ्या. खेळ सुरू होतो 11 नोव्हेंबर 1444 ला. आदल्याच दिवशी काळ्या समुद्राकाठी वार्नाला तुर्कांनी युरोपची एकत्रित फौज मोडली आणि पोलंड-हंगेरीचा राजा तिथंच पडला. म्हणजे ज्यांच्याकडे मदत मागायची तेच घायाळ. तुमच्याकडे कॉन्स्टँटिनोपल, ग्रीसच्या दक्षिणेला मोरिया आणि मांडलिक म्हणून अथेन्स. बाकी तिन्ही बाजूंना ऑटोमन, म्हणजेच हे तुर्क. प्रत्यक्षात 1453 च्या एप्रिलमध्ये वेढा पडला आणि 29 मेला शहर गेलं. आत लढणारे जेमतेम 7000 होते.

पहिलं काम, खेळ पॉजवरच ठेवा. स्पेसबार दाबला की दिवस पळायला लागतात आणि नवखा माणूस इथंच घाबरतो. पॉजवर राहूनच सरदार, धर्मगुरू, व्यापारी या वर्गांना सवलती देऊन टाका, त्यातून दर महिन्याला प्रशासन, मुत्सद्देगिरी आणि लष्कराचे गुण वाढतात. मग कर्ज काढा. होय, पहिल्याच महिन्यात. खेळातलं साधं कर्ज पाच वर्षांच्या मुदतीचं आणि मूळ व्याज वर्षाला 4 टक्के. आमच्याकडं ऊस लावताना सोसायटीचं पीककर्ज उचलतात आणि कारखान्याचं बिल आलं की फेडतात, तसंच हे धरून चाला. इथं बिल म्हणजे युद्ध जिंकल्यावर मिळणारी खंडणी. ती आली नाही तर दिवाळं निघतं, पण कर्ज न काढता नुसतं बसलात तरी राज्य जातंच. मग घाबरायचं कशाला?

त्या पैशातून दोन गोष्टी घ्यायच्या: गॅली (वल्ह्यांवर चालणारी) जहाजं आणि भाडोत्री फौज. भाडोत्री अशासाठी की तुमच्या स्वतःच्या मनुष्यबळाचा साठा त्यात खर्च होत नाही. आणि गॅली अशासाठी की भूमध्यसागरासारख्या बंदिस्त समुद्रात स्वस्तातलं हे जहाज मोठ्या जहाजांना भारी पडतं. पैसे कमी पडले तर फौज थोडी कमी घ्या, जहाजं कमी करू नका.

मित्र जोडताना नवखी पोरं थेट पोलंड, हंगेरीच्या मागे लागतात. मोठा मित्र धाक म्हणून चांगला, तो बाजूला दिसला की कॉम्प्युटर हल्ला करायला कचरतो. पण तुम्ही स्वतः युद्ध पुकारलं की तोच मित्र ‘सध्या कर्जात आहे’ म्हणून अंग काढून घेतो. सर्बिया, वालाकिया, अल्बेनिया हे शेजारचे लहान लोक जास्त कामाला येतात. अल्बेनियाकडं स्कँदरबेगसारखा सेनापती आहे, त्याला सोडू नका.

आता मुद्द्याची गोष्ट. खानापूरचा एक पोरगा माझ्याकडं हा खेळ शिकायला यायचा. त्यानं पहिल्यांदा दोन्ही फौजांचे आकडे बघितले आणि कपाळाला हात लावला.

“दादा, त्यांचं सैन्य आमच्या कितीतरी पट हाय की. जिंकायचं कसं?”

“हाय, खरं कुठं हाय ते बघितलास काय?”

बहुतेक सगळं अनातोलियात होतं, म्हणजे आशियाच्या बाजूला. ऑटोमन राज्य दोन तुकड्यांत आहे, मधे मार्माराचा समुद्र. पलीकडून अलीकडं यायला दोनच चिंचोळ्या वाटा: एक बॉस्फरस, कॉन्स्टँटिनोपलच्या दारात, आणि दुसरी गॅलिपोलीची. त्या पाण्यात तुमचं आरमार उभं असेल तर पलीकडची फौज काठावर बसून राहते. दुबळ्याच्या बाजूनं या नकाशात असलेली ही एकमेव मोठी गोष्ट, आणि सगळा डाव हिच्यावरच रचायचा.

त्यामुळे युद्ध कधी पुकारायचं हे आपली तयारी ठरवत नाही, त्यांची फौज ठरवते. ऑटोमन साधारणपणे सुरुवातीला अनातोलियातल्या लहान तुर्क राज्यांवर जातो. तो गेला की रोज बघायचं. वेग कमी करून, त्यांच्या एकेका पलटणीवर माउस नेऊन. त्या पोराच्या डावात मुख्य फौज यांतल्याच करामानला घातलेल्या वेढ्यात अडकली होती, युरोपच्या बाजूला एक लहान पलटण आणि एडिर्नेचा किल्ला, बास. त्यानं पॉज केलं, आधी आरमार मार्मारात नेऊन उभं केलं, मग जुन्या हक्काच्या प्रांतांचं कारण दाखवून युद्ध पुकारलं. (ऑटोमनच्या ताब्यातल्या काही प्रांतांवर बायझंटियमचा मूळ हक्क खेळात नोंदलेला असतो. त्यासाठी खोटे दावे रचायची गरज नाही.) सगळ्यात आधी गॅलिपोलीचा काठ घेतला. हे विसरायचं नाही, कारण सामुद्रधुनीचे दोन्ही काठ शत्रूकडंच असतील तर नुसत्या आरमाराच्या भरवशावर राहता येत नाही. काही दिवसांनी करामान सोडून तुर्कांची सगळी फौज काठावर येऊन थांबली. समोर कॉन्स्टँटिनोपल, मधे पाणी. पोरगं खुर्चीतून उठून नाचायला लागलं आणि तेवढ्यात लाईट गेली. लॅपटॉपला बॅटरी होती म्हणून वाचलं.

आरमार दुरुस्तीला बंदरात न्यायचा मोह होतो. एकदम सगळं नेऊ नका. तेवढ्या दिवसांत पूर्ण फौज अलीकडं येते आणि मग काही खरं नाही.

अलीकडची लहान पलटण मोडायची ती सपाट जमिनीवर. लढाईत 0 ते 9 चा फासा पडतो आणि हल्ला करणाऱ्याला डोंगरात 2, टेकड्यांत 1, नदी ओलांडताना आणखी 1 वजा होतो. म्हणून डोंगरात आपण बसायचं आणि त्यांना वर येऊ द्यायचं. वेढ्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही: सुरुवातीला तोफा नसतात, वेळ लागतो, किल्ला किनाऱ्यावर असेल तर समुद्राकडूनही कोंडी करा.

तह कधी करायचा यावर मात्र मी पोरांशी भांडतो. जिंकायला लागलं की सगळ्यांना सगळंच हवं असतं. आपल्याच जिल्ह्यातलं कित्तूर बघा. 23 ऑक्टोबर 1824 ला राणी चन्नम्मांच्या सैन्यानं कंपनीची फौज हरवली, कलेक्टर थॅकरे मारला गेला, दोन इंग्रज अधिकारी कैद झाले. युद्ध थांबेल या भरवशावर ते सोडून दिले गेले. डिसेंबरमध्ये कंपनी दुप्पट तयारीनं परत आली आणि किल्ला गेला. राणींकडं पर्याय फारसे नव्हते, त्यांना नावं ठेवायचा प्रश्नच नाही. खेळात मात्र तुमच्याकडं एक पर्याय असतो. तह झाला की 5 ते 15 वर्षांची शांतता दोघांनाही पाळावी लागते, आणि जेवढं जास्त घ्याल तेवढी ती लांबते. बलाढ्य शत्रूशी पहिला तह करताना ही मुदत म्हणजे तुमचीच कमाई.

पहिल्या तहात मी मागतो ते असं: गॅलिपोली, एडिर्ने, हक्काचे जेवढे प्रांत बसतील तेवढे आणि युद्धात कमावलेले जे गुण उरतील त्यांत रोख रक्कम. शिवाय बल्गेरियाचा हक्क असलेला एखादा प्रांत, आणि लगेच बल्गेरियाला मांडलिक म्हणून उभं करायचं. पुढच्या युद्धात त्याचे जुने प्रांत त्याच्या नावावर परत मिळवता येतात, त्यानं शेजाऱ्यांना आपला राग कमी येतो. आपल्या नावानं सगळं ओरबाडलंत तर हा राग 50 च्या वर जातो, राज्यं एकत्र येऊन तुमच्याविरुद्ध आघाडी करतात आणि तुर्क परवडले म्हणायची पाळी येते.

तहानंतरची पहिली काही वर्षं कंटाळवाणी असतात, ती तशीच जाऊ द्या. भाडोत्री लगेच सोडा, कर्जं फेडा, बंडखोर उठतील त्यांना आवरा. व्हेनिसकडं क्रीट आहे, जिनोव्हाकडं एजियनमधली बेटं, त्यांच्याकडं डोळे लागतात. आत्ता नको, त्यांची आरमारं मोठी आहेत. आणि आयर्नमॅन मोडवर सुरुवात करू नका. त्यात मागचा सेव्ह उघडता येत नाही, आणि बायझंटियम पहिल्या काही डावांत बुडणारच. साध्या मोडवर युद्ध पुकारायच्या आदल्या दिवसाचा सेव्ह वेगळ्या नावानं ठेवा. मुदत संपत आली की पुन्हा त्यांच्या पलटणींवर माउस न्यायला सुरुवात करा. इजिप्तच्या मामलुकांशी त्यांचं जुंपलेलं असेल तर दुसरं युद्ध पहिल्यापेक्षा सोपं जातं.