शेवटची गाडी आधी विचारावी : विदर्भात एसटीने जाऊन करावयाची पायी भटकंती

विदर्भातील गड, टेकड्या आणि तलावांच्या वाटा पायी पाहण्यासाठी एसटीने निघणाऱ्याने पहिला प्रश्न परतीच्या गाडीचा विचारावा. जाताना गाडी चुकली तर स्थानकावर तासभर बसावे लागते, परंतु परतताना चुकली तर रात्रच अंगावर येते. म्हणून शेवटची गाडी फाट्यावर किती वाजता येते हे आधी पक्के करावे, तिच्या अलीकडे एक तास हाताशी ठेवावा आणि उरलेल्या वेळात बसेल तेवढीच चाल आखावी. माझा हा हिशेब एकदाच चुकला आणि त्यानंतर कधीही चुकलेला नाही.

स्थानकाच्या भिंतीवर रंगवलेल्या वेळापत्रकावर फार विसंबू नये, कारण त्यातील काही गाड्या कागदावरच उरलेल्या असतात. चौकशी खिडकीवर विचारावे आणि त्यानंतर ज्या गाडीने जात आहोत तिच्या वाहकालाही तेच विचारावे. त्या मार्गावर रोज जाणाऱ्या माणसाइतकी खात्रीची माहिती दुसरीकडे मिळत नाही. त्याला विचारताना शेवटची गाडी मुक्कामी आहे की परतणारी, हे स्पष्ट करून घ्यावे. मुक्कामी गाडी संध्याकाळी गावात येते, रात्रभर तेथेच थांबते आणि पहाटे तालुक्याला निघते, त्यामुळे फलकावर ती दिसली तरी संध्याकाळी परतण्यासाठी तिचा काहीच उपयोग होत नाही. तसेच आडगावांच्या कित्येक फेऱ्या शाळेच्या वेळेला बांधलेल्या असतात आणि रविवारी किंवा दिवाळीच्या सुट्टीत त्या बहुधा धावत नाहीत. भटकंती करणारे मात्र नेमके रविवारीच निघतात.

एका डिसेंबरात मी असाच फाट्यावर उभा राहिलो होतो. पाचची गाडी येईल असे सकाळी सांगितले गेले होते, पण साडेपाच झाले, तुरीच्या शेतांवर धूर उतरू लागला आणि पानटपरीवाल्या काकांनी फळी लावता लावता सांगितले, "आज सुट्टी हाय भाऊ, सांजची गाडी येत नाही. आता सकाळचीच धरा लागते." पुढचे नऊ किलोमीटर मी मोबाईलच्या उजेडात चाललो. त्या दिवशी आणखी एक गोष्ट ध्यानात आली. नागपूरकडे सूर्य मुंबईपेक्षा सुमारे पंचवीस मिनिटे आधी मावळतो आणि डिसेंबरच्या आरंभी तेथे साडेपाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. पुण्या-मुंबईच्या सवयीने सहापर्यंत उजेड धरून चालणारा इकडे हमखास फसतो.

पहिल्या प्रयत्नासाठी रामटेक निवडावे. नागपूरच्या गणेशपेठ स्थानकावरून दिवसभर गाड्या मिळतात आणि अंतर सुमारे ५० किलोमीटर आहे. बसस्थानकावरून गडावर जाणारा मोटारीचा रस्ता न धरता गावातून अंबाळा तलावाकडे चालत जावे, काठावरच्या मंदिरांजवळ थोडे टेकावे आणि तेथून जुन्या दगडी पायऱ्यांनी गड चढावा. वर वाकाटककालीन केवल नरसिंहाचे मंदिर आहे, अखंड दगडात कोरलेली भव्य वराहमूर्ती आहे आणि त्यापुढे रामाचे गडमंदिर. मेघदूतातील रामगिरी तो हाच, असे अनेक अभ्यासकांनी मानले असल्यामुळे तेथे कालिदासाचे स्मारकही उभारलेले आहे. वानरांपुढे हातात उघडी पिशवी धरू नये. ती हिसकावली जाते आणि मग शिदोरी झाडावर जाते. दक्षिणेकडील नगरधनचा भुईकोट त्याच दिवशी उरकण्याचा मोह पुष्कळांना होतो, पण त्यासाठी वेगळा दिवस काढलेला बरा, कारण दोन्ही ठिकाणे धावत पाहिली की एकही धड पाहून होत नाही.

चिखलदऱ्यासाठी अमरावतीहून परतवाडा आणि परतवाड्याहून घाटाची गाडी, असा प्रवास करावा आणि शक्य असल्यास एक मुक्काम ठेवावा. घाटात पोट ढवळत असेल त्याने पुढच्या आसनावर बसावे. सुमारे ११०० मीटर उंचीवरील या गावातून गावीलगड चालत गाठता येतो. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या सैन्याने उत्तरेची भिंत तोफांनी फोडून हा गड घेतला. आत तलाव, मशीद आणि दरवाजांवरचे शिल्पकाम पाहण्यास निवांत अर्धा दिवस लागतो. ऑगस्टात धुके इतके दाट असते की दरवाजा हाताच्या अंतरावर आल्याशिवाय दिसत नाही. ज्याला गड पाहायचा आहे त्याने ऑक्टोबरनंतर यावे. हा सारा परिसर मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पाचा आहे, म्हणून गडाच्या नाक्यावर प्रवेशाची वेळ विचारून घ्यावी आणि इतर जंगलवाटांवर परवानगीशिवाय पायी शिरू नये. हा नियम वाघापेक्षाही अस्वलासाठी अधिक मोलाचा आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळतात, ती वेचायला माणसे आणि खायला अस्वले एकाच झाडाखाली पहाटेच पोहोचतात आणि अशा वेळी अचानक समोर आलेला माणूस अस्वलाला सहन होत नाही.

लोणारला मेहकरकडून गाडी मिळते. गावातील दैत्यसूदन मंदिर आधी पाहून घ्यावे आणि ऊन चढण्यापूर्वीच, गोमुखाच्या धारेजवळून, विवराकडे निघावे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असल्याने काठाचा घेर पाच-सहा किलोमीटरांचा होतो. तळाशी पाण्याजवळ कमळजा देवीचे मंदिर आहे. उतरणे सोपे वाटते, पण वर येताना वारा लागत नाही आणि तेव्हाच पाण्याची बाटली रिकामी असल्याचे कळते. प्रत्येकी दोन लिटर पाणी घरूनच घ्यावे.

शेतांमधून चालायचे असल्यास पांदणीने, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेने जावे आणि पीक उभे असताना धुरा, म्हणजे शेताचा बांध सोडू नये. पावसाळ्यात काळ्या मातीची वाट शक्यतो टाळावी. चार पावलांत बुटांना माती चिकटते, दहा पावलांत प्रत्येक बूट किलोभर जड होतो आणि काडीने खरवडली तरी पुढच्या पावलाला ती पुन्हा तेवढीच चढते. दिवाळीनंतर वाट कोरडी होते, पण कुसळे पिकतात. ती मोज्यांत शिरून थेट कातडीला टोचतात, त्यामुळे लोकरी मोज्यांऐवजी घट्ट विणीचे मोजे आणि जाड कापडाची पूर्ण विजार घालावी. गडाच्या कड्यांवर आग्या मोहोळ असते, तेथे अत्तर लावून जाऊ नये, विडी-सिगारेट पेटवू नये आणि आरडाओरडा करू नये. एप्रिल ते जून या काळात ही सारी भटकंती बंदच ठेवावी.

एका दिवसाऐवजी चार-सहा दिवस फिरायचे असेल तर एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास घ्यावा. तो चार व सात दिवसांचा मिळतो. महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट लागते आणि ७५ वर्षांवरील प्रवाशांना प्रवास मोफत आहे, मात्र वयाचा पुरावा सोबत ठेवावा. सुटे पैसे जवळ असावेत.

परतताना फाट्यावर अर्धा तास आधी पोहोचावे आणि वळणाच्या पुढे, चालकाला दुरून दिसेल अशा जागी उभे राहावे. गाडीचा दिवा दिसताच हात आडवा धरावा, कारण अंधारात निवाऱ्याच्या आत बसलेला प्रवासी चालकाला दिसत नाही आणि गाडी तशीच पुढे निघून जाते.