सिडनीत जुनी गाडी घेताना विमा कोणता घ्यावा

सिडनीत नव्याने आलेली आपली मंडळी बहुधा दहा-पंधरा वर्षांची कोरोला किंवा तशीच एखादी गाडी घेतात, आणि तो निर्णय योग्यच असतो. मात्र विम्याचा विषय निघाला की 'एवढ्या जुन्या गाडीला फुल इन्शुरन्स कशाला?' असे म्हणून अनेक जण तो विषय तिथेच संपवतात. या प्रश्नात निम्मे तथ्य आहे. उरलेल्या निम्म्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे संसार नीट उभा राहण्याआधीच कर्जात गेलेली माणसे मी पाहिली आहेत.

भारतात सक्तीच्या थर्ड पार्टी विम्यात समोरच्या माणसाला झालेल्या इजेबरोबर त्याच्या मालमत्तेचे नुकसानही खासगी गाडीसाठी ७.५ लाख रुपयांपर्यंत धरलेले असते, त्यामुळे इथेही तसेच असेल असे आपण गृहीत धरतो. सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्समध्ये तसे नाही. इथे रेगोसाठी, म्हणजे गाडीच्या नोंदणीसाठी, जी ग्रीन स्लिप (सक्तीचा विमा) लागते, ती फक्त माणसांना झालेल्या इजेपुरती असते; समोरच्या गाडीचा आरसा तुटला तरी त्यातून एक डॉलरही मिळत नाही. त्यातून जुनी गाडी विकत घेतली की तिच्या उरलेल्या रेगोबरोबर ग्रीन स्लिपही नव्या मालकाकडे येते आणि 'विमा मार्चपर्यंत आहेच' असे विकणारा सहज सांगून जातो. माझ्या ओळखीच्या एका विद्यार्थ्याने त्या शब्दावर विश्वास ठेवला. वेंटवर्थविलजवळ लेन बदलताना त्याची गाडी एका महागड्या जर्मन गाडीच्या दाराला आणि मागच्या मडगार्डला घासली. त्या गाडीच्या विमा कंपनीने आपल्या ग्राहकाची गाडी दुरुस्त करून दिली आणि काही आठवड्यांनी सगळा खर्च मागणारे पाच आकडी रकमेचे पत्र या मुलाच्या पत्त्यावर पाठवले. त्याची स्वतःची गाडी त्या रकमेच्या निम्म्या किमतीचीही नव्हती. शिक्षण संपून नोकरी लागल्यावरही तो ते हप्ते फेडत होता.

म्हणून माझे पहिले आणि सर्वांत आग्रहाचे सांगणे असे की, गाडीची किल्ली हातात घेण्याआधी निदान 'थर्ड पार्टी प्रॉपर्टी' विमा घ्यावा. तुमची गाडी किती जुनी आहे याच्याशी या विम्याचा काही संबंध नाही, कारण तो समोरच्याच्या गाडीसाठी असतो. आणि या शहरात समोर कोणती गाडी येईल हे आपल्या हातात नसते. अनेक कंपन्या यात २ कोटी डॉलरपर्यंतचे नुकसान धरतात आणि हप्ता कॉम्प्रिहेन्सिव्हच्या, म्हणजे तुमची स्वतःची गाडीही धरणाऱ्या फुल इन्शुरन्सच्या, मानाने बराच कमी असतो. गाडी रात्री रस्त्यावर उभी राहत असेल, तर आग व चोरी धरणारा मधला प्रकारही विचारात घ्यावा.

कॉम्प्रिहेन्सिव्ह घ्यायचा की नाही, हा यानंतरचा प्रश्न आहे आणि तो कागदावर हिशेब मांडूनच सोडवावा. समजा, गाडीचा बाजारभाव ४,००० डॉलर आहे, कॉम्प्रिहेन्सिव्हचा वार्षिक हप्ता १,३०० आणि थर्ड पार्टीचा ३५० आहे, आणि एक्सेस, म्हणजे दाव्यातली तुमच्या खिशातून जाणारी रक्कम, ८०० आहे. तर वर्षाला ९५० डॉलर जास्त भरून, गाडी पूर्ण बाद झाली तरी हातात ३,२०० येतील. साधारण साडेतीन वर्षांतून एकदा गाडी बाद झाली तरच हा व्यवहार परवडेल. नवीन चालकांना, विशेषतः पंचविशीच्या आतल्यांना, हप्ताही चढा असतो आणि एक्सेसही वाढीव असू शकतो. त्यांनी हा हिशेब स्वतःचे आकडे घालूनच करावा. हप्ता महिन्याला भरत असाल, तर गाडी बाद झाल्यावर वर्षाचे उरलेले हप्तेही भरपाईतून वजा होतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

तरीही काही घरांत मी कॉम्प्रिहेन्सिव्हच घ्यायला सांगतो. गाडी कर्जावर असेल तर कर्ज देणारा सहसा तोच मागतो. गाडीवाचून नोकरी अडणार असेल आणि दुसरी घेण्याइतके पैसे गाठीशी नसतील, तर जास्तीचा हप्ता सोसावा. इथे मजुरी इतकी महाग आहे की बंपर, दिवा आणि बॉनेट एवढे गेले तरी जुनी गाडी भंगारात निघते. गारपीट आणि गावाबाहेरच्या रस्त्यावर अंधारात आडवा येणारा कांगारू यांची भरपाईही केवळ कॉम्प्रिहेन्सिव्हमध्येच मिळते. त्यात आणखी एक सोय असते: चूक समोरच्याची असली तर तुमची कंपनी वसुलीचे काम स्वतः करते. थर्ड पार्टी असेल तर समोरच्याच्या कंपनीशी पत्रव्यवहार तुम्हालाच करावा लागतो, आणि समोरच्याकडे विमाच नसेल तर अनेक पॉलिसींत तुमच्या गाडीसाठी काही हजार डॉलरपर्यंतच तरतूद असते, तीही त्याचे नाव-पत्ता दिला तरच. कोणी जखमी नसेल आणि दोघांनी तपशील दिले-घेतले असतील, तर पोलीस सहसा येत नाहीत. त्यामुळे समोरच्याचे लायसन्स आणि नंबर प्लेट यांचे फोटो जागेवरच काढावेत. 'उद्या फोन करतो' यावर विसंबू नये.

आपल्या लोकांची एक सवय मला मनापासून खटकते. एका घरात चौघे राहतात, चौघे एकच गाडी चालवतात आणि हप्ता कमी यावा म्हणून पॉलिसीवर नाव मात्र सर्वांत वयस्काचे टाकतात. तीच गोष्ट खाण्याच्या डिलिव्हरीची. गाडी खासगी वापराची म्हणून नोंदवायची आणि संध्याकाळी तिच्यावर ऑर्डरी पोहोचवायच्या. इथल्या विमा कंपन्या खरी माहिती दिलेल्या माणसाचा दावा बहुधा खळखळ न करता देतात, असा माझा अनुभव आहे. माहिती दडवली असेल तर मात्र दावा कमी होतो किंवा नाकारला जातो. खरी माहिती देऊनही दावा अन्यायाने नाकारला गेला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि तिथे दाद मिळाली नाही तर 'आफ्का' या तक्रार निवारण संस्थेकडे जावे. ग्राहकाला तिथे काही शुल्क पडत नाही.

दरवर्षी नूतनीकरणाचे पत्र आले की गाडीचा त्या दिवशीचा बाजारभाव पाहून वरचा हिशेब पुन्हा मांडावा, कारण गाडीची किंमत उतरत असते आणि हप्ता सहसा उतरत नाही.